बिली बॅसेट: पगार घेऊन खेळणाऱ्या पहिल्या पिढीतली सर्वात भरीव कारकीर्द?

मैदानवेडा (धागाकर्ता)

इंग्लंडात फुटबॉल खेळण्याचे पैसे उघडपणे घ्यायला परवानगी मिळाली ती जुलै १८८५ मध्ये. त्याआधी पैसे मिळत नव्हते असं नाही. लँकेशायरच्या गिरणगावांतले क्लब स्कॉटलंडहून खेळाडू आणायचे, कागदोपत्री त्यांना कुठल्यातरी नोकरीवर दाखवायचे आणि शनिवारी मैदानात उतरवायचे. १८८४ मध्ये अप्टन पार्क क्लबने प्रेस्टन नॉर्थ एंडविरुद्ध तक्रार केली, तेव्हा प्रेस्टनच्या विल्यम सडेल यांनी 'हो, आम्ही पैसे देतो' असं सरळ सांगून टाकलं. प्रेस्टनला त्या वर्षी एफए कप या बाद पद्धतीच्या स्पर्धेबाहेर काढलं, पण उत्तरेकडचे क्लब वेगळी संघटना काढायला निघाल्यावर वर्षभरात नियमच बदलावा लागला.

बिली बॅसेट नेमका या उंबरठ्यावर आला. जन्म जानेवारी १८६९, वेस्ट ब्रॉमविच. १८८६ मध्ये गावच्याच वेस्ट ब्रॉमविच अल्बियन क्लबात दाखल झाला, वय १७. उंची जेमतेम पाच फूट पाच इंच, अंगानेही किरकोळ. जागा राइट आउट, म्हणजे उजव्या कडेचा विंगर. १८८६ ते १८९९ एकाच क्लबकडून तीनशेहून जास्त सामने. १८८८ आणि १८९२ असे दोन एफए कप जिंकले, १८९५ ची अंतिम फेरी हरला. इंग्लंडकडून १६ सामने. त्या काळी वर्षाला तीनच आंतरराष्ट्रीय सामने व्हायचे (स्कॉटलंड, वेल्स, आयर्लंड), म्हणून हा १६ चा आकडा नीट समजून घ्यायला हवा.

बहुतेकांची गोष्ट इथे संपते. त्या पिढीतले किती खेळाडू बूट टांगल्यावर दारूचं दुकान चालवत, आजारपणात, गरिबीत गेले. बॅसेट १९०५ मध्ये त्याच क्लबचा संचालक झाला, १९०८ मध्ये अध्यक्ष, आणि १९३७ मध्ये मरेपर्यंत अध्यक्ष राहिला. मध्ये १९१९-२० चं लीग विजेतेपद आणि १९३१ चा कप आला. पोरसवदा पगारी खेळाडू म्हणून दारातून आत आलेला माणूस पन्नास वर्षांनी त्या घराचा कर्ता म्हणून गेला.

माझं मत असं की पहिल्या पिढीच्या व्यावसायिक खेळाडूंत इतकी भरीव कारकीर्द दुसऱ्या कुणाची नाही. तरी लोक नाव घेतात वेल्सच्या बिली मेरेडिथचं, तोही विंगरच. तुम्हाला काय वाटतं?

---

हातमाग

वाखुसा (वाचनखूण साठवली). सावकाश वाचून लिहितो.

---

शंकासुर

लेख छान, पण 'एकाच क्लबकडून १३ वर्षं' यावर एवढं भारावून जायचं कारण मला दिसत नाही. लीगची नोंदणी पद्धत माहीत आहे ना? खेळाडूचं नाव एका क्लबकडे नोंदलं की त्या क्लबच्या परवानगीशिवाय त्याला लीगमधल्या दुसऱ्या क्लबकडून खेळता येत नसे. १८९० च्या दशकात ही पकड पक्की झाली. हंगाम संपला, करार संपला, तरी क्लब नाव राखून ठेवू शकायचा. पगार देवो न देवो.

म्हणजे आपण ज्याला निष्ठा म्हणतो तिच्यातली निम्मी तरी बेडी होती. इंग्लंडचा नावाजलेला विंगर मनाला येईल तिथे जाऊच शकत नव्हता. अशा माणसाला 'क्लब सोडला नाही' म्हणून शाबासकी द्यायची का?

---

मैदानवेडा

शंकासुर, मुद्दा बिनतोड आहे आणि तो धाग्यात यायलाच हवा होता. पण बेडी १८९९ पर्यंतची. १९०५ मध्ये त्याला कुणी बांधून ठेवलं नव्हतं. तेव्हा अल्बियन दुसऱ्या विभागात घसरलेला, कर्जात बुडालेला, संचालक राजीनामे देऊन मोकळे झालेले. हॅरी कीज पुन्हा अध्यक्ष झाले आणि बॅसेट मंडळावर आला. बुडत्या संस्थेच्या मंडळावर कोण हौसेने जातं?

---

टंगळमंगळ

आमच्या सोसायटीच्या कमिटीवर कुणी जात नाही, तिथे तर लिफ्टसुद्धा चालू आहे.

---

मृण्मयी_ब

टंगळमंगळ +१

मला फुटबॉलमधलं फार कळत नाही, त्यामुळे एक अगदी मूलभूत प्रश्न. त्या काळी विंगर नक्की काय करायचा? आत्ता मी टीव्हीवर बघते तर विंगर आत घुसून गोल मारतात. बॅसेटही तसंच करायचा का?

---

रेषेपलीकडे

मृण्मयी, या प्रश्नाची वाटच बघत होतो. जरा विस्ताराने लिहितो, कारण तेव्हाचे नियम डोळ्यांसमोर आणले नाहीत तर बॅसेट कळणारच नाही.

१८८० च्या दशकात संघ दोन बॅक (मागे राहून बचाव करणारे), तीन हाफबॅक (मधले) आणि पाच फॉरवर्ड (हल्ला करणारे) असा मांडायला लागले होते. पाचांपैकी दोन टोकांना दोन विंगर. त्याआधी एकेका कडेला दोन-दोन माणसं जोडीने पळायची. विंगरने कड धरून ठेवायची, आतल्या फॉरवर्डशी देवाणघेवाण करायची आणि चेंडू कोपऱ्यापर्यंत न्यायचा.

कोपऱ्यापर्यंतच का? ऑफसाइडमुळे. पुढे पास घ्यायचा तर आज तुमच्या आणि गोलरेषेच्या मध्ये दोन विरोधी खेळाडू लागतात, तेव्हा तीन लागत. हा नियम १९२५ पर्यंत टिकला. शिवाय १९०७ पर्यंत खेळाडू स्वतःच्या अर्ध्या भागातही ऑफसाइड ठरायचा. म्हणजे मध्यरेषेच्या अलीकडे उभं राहून पुढे मारलेल्या चेंडूची वाट बघायची सोय नाही. थ्रो-इनवरसुद्धा ऑफसाइड, तो १९२० पर्यंत. अशा वेळी पुढे पास देणं म्हणजे शिट्टीला आमंत्रण.

पण जो चेंडूच्या मागे आहे तो ऑफसाइड होत नाही. हा नियम तेव्हाही होता. मग हल्ल्याचा सगळ्यात भरवशाचा मार्ग कोणता? एकाने चेंडू पायाशी ठेवून गोलरेषेजवळ जायचं आणि तिथून मागे, मधल्या माणसांना द्यायचा. सगळे चेंडूच्या मागे, ऑफसाइडची भीतीच नाही. हे काम विंगरचं. ज्याच्याकडे वेग आहे, ताबा आहे आणि शेवटच्या क्षणी मान वर करून बघायची अक्कल आहे असा विंगर मिळाला की निम्मा सामना तिथेच.

बॅसेटकडे हे तिन्ही होतं. गोलही केले, पण त्याची खरी कमाई त्याने दुसऱ्यांना करून दिलेल्या गोलांत आहे आणि त्यांची नोंद तेव्हा कुणी ठेवत नसे. आकडे बघून बॅसेट समजत नाही तो यामुळे.

आता समोर कोण असायचं ते बघा. व्हिक्टोरियन काळातला बॅक म्हणजे अंगावर येणारा गडी. खांद्याने धडक मारणं पूर्ण कायदेशीर, गोलकीपरलासुद्धा. पेनल्टी किक १८९१ मध्ये आली, म्हणजे बॅसेटची पहिली पाच वर्षं गोलच्या तोंडाशी पाडलं तरी साधी फ्री किकच. १८९१ पर्यंत मैदानात दोन अंपायर, प्रत्येक क्लबचा एक, आणि त्यांचं जुळलं नाही तर बाहेर उभ्या रेफरीकडे दाद मागायची. गोलला जाळीसुद्धा त्याच सुमारास लागली. चेंडू कातड्याचा, वादीने बांधलेला, पावसात पाणी पिऊन जड होणारा. अशा खेळात पाच फूट पाच इंचाचा माणूस १३ वर्षं टिकला.

अवांतर: चेंडू रेषेच्या आत असला की पुरे, खेळाडू बाहेर असला तरी चालतं. चपळ विंगर चेंडू बॅकच्या एका बाजूने ढकलायचे आणि स्वतः टचलाइनच्या बाहेरून वळसा घालून पुढे निघायचे. बॅकला कळायच्या आत.

---

मृण्मयी_ब

रेषेपलीकडे, किती सुरेख समजावलंत! तीन माणसांचा ऑफसाइड कळल्यावर सगळं चित्रच उभं राहिलं. तुमच्या आयडीचा अर्थही आत्ता लागला.

---

पेठकरी

काय लिव्हलंय भावा, नाद खुळा.

कोल्हापुरात वाढलेल्या माणसाला हा धागा दुसऱ्या देशातला वाटतच नाही. आमच्याकडं शाहू स्टेडियमवर पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, शिवाजी, प्रॅक्टिस अशी नावं घेतली की अख्खी पेठ उठून येती. तालमीच्या जिवावर उभे राहिलेले संघ हे. आमच्या गल्लीत एक विंगर होता, अंगानं काटकुळा, पण पाय असा चालायचा की बॅक नुसता बघत राहायचा. एका हंगामात त्यानं पेठ बदलली. पैसे जास्त मिळणार होते, घरात म्हातारी आजारी होती. गल्लीतल्या लोकांनी वर्षभर त्याच्याशी बोलणं टाकलं. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं, आजही नाही पटत.

म्हणून शंकासुर म्हणतात त्याला माझी साथ. खेळाडूनं निष्ठा दाखवावी असं वाटत असेल तर आधी त्याच्या घरची चूल पेटते का बघा. बॅसेटला क्लबनं सांभाळलं असणार, म्हणून तो राहिला.

---

शंकासुर

पेठकरी, मनापासून धन्यवाद. माझ्या दोन परिच्छेदांत जे आलं नाही ते तुमच्या 'चूल पेटते का' या एका वाक्यात आलं.

---

आबा_१९५२

मैदानवेडा, १८८८ च्या अंतिम सामन्यावर आणखी लिहायला हवं होतं. बॅसेटचं नाव झालं ते त्या एका दुपारी.

पार्श्वभूमी लक्षात घ्या. अल्बियन १८८६ ची अंतिम फेरी ब्लॅकबर्न रोव्हर्सकडून हरला, तीही पुन्हा खेळवलेल्या सामन्यात. १८८७ ला अॅस्टन व्हिलाकडून हरला. लागोपाठ तिसरी अंतिम फेरी १८८८ ची, केनिंग्टन ओव्हलवर, आणि समोर प्रेस्टन. त्याच हंगामात कपच्या पहिल्या फेरीत प्रेस्टनने हाइडला २६-० असं धुतलं होतं. पुढच्याच वर्षी ते लीग एकही सामना न हरता जिंकणार होते आणि कप एकही गोल न खाता. संघात स्कॉटलंडहून आणलेले कसलेले गडी. उलट अल्बियनचे अकराच्या अकरा इंग्लंडात जन्मलेले, बहुतेक आसपासचेच.

सामन्याआधीच प्रेस्टनने कपाबरोबर फोटो काढू द्या असं म्हटलं आणि रेफरी मेजर मॅरिंडिन यांनी आधी जिंका तर खरं असं सुनावलं, ही गोष्ट इंग्लंडात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. मॅरिंडिन म्हणजे फुटबॉल असोसिएशनचेच अध्यक्ष, जुन्या हौशी परंपरेतले लष्करी अधिकारी.

अल्बियन २-१ जिंकला. बेलिस आणि वुडहॉल यांचे गोल, प्रेस्टनकडून ड्यूहर्स्टचा. पण बोलबाला झाला १९ वर्षांच्या राइट आउटचा. आठवडाभरात तो आयर्लंडविरुद्ध इंग्लंडच्या संघात होता.

त्याच वसंतात कपविजेता म्हणून अल्बियन स्कॉटलंडच्या रेंटनशी ग्लासगोत खेळला आणि ४-१ हरला. रेंटनने स्वतःला 'जगज्जेते' म्हणवून घेतलं. रेंटन हे एक छोटं खेडं. त्यांच्या जगात तेव्हा इंग्लंड आणि स्कॉटलंड एवढेच देश खेळत होते म्हणा, पण त्यांचा आनंद खरा होता.

---

टंगळमंगळ

२६-० चा गोलफलक लिहिणाऱ्या माणसाला त्या दिवशी जास्तीचे पैसे मिळायला हवे होते.

---

स्मेथविककर

मी गेली बरीच वर्षं इकडे मिडलंड्समध्ये आहे. अल्बियनचं द हॉथॉर्न्स मैदान आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. समुद्रसपाटीपासून ५५१ फूट, इंग्लंडच्या लीगमधल्या मैदानांत सगळ्यात उंचावरचं. हिवाळ्यात तिथला वारा काय असतो ते बसल्याशिवाय कळत नाही.

बॅसेट मात्र खेळाडू म्हणून हॉथॉर्न्सवर खेळला नाही. त्याचं मैदान स्टोनी लेन, तिथून क्लब १९०० साली इकडे आला. हॉथॉर्न्स त्याच्या दुसऱ्या आयुष्यातलं.

हा सगळा भाग लोखंडाचा आणि कोळशाचा. साखळ्या, खिळे, कुलपं, स्प्रिंगा. अल्बियन क्लबच मुळात जॉर्ज साल्टर यांच्या स्प्रिंगच्या कारखान्यातल्या कामगारांनी १८७८ मध्ये काढला. सुरुवातीचं नाव वेस्ट ब्रॉमविच स्ट्रोलर्स. गावात फुटबॉल विकत मिळत नव्हता म्हणून पोरं चालत शेजारच्या वेन्झबरीला गेली आणि घेऊन आली, त्यावरून हे नाव पडलं असं इथे सांगतात. शनिवारी दुपारी कारखान्याला सुट्टी मिळायला लागली आणि कामगारांच्या हाती खेळायला व बघायला वेळ आला. बॅसेटला बघायला येणारे लोक हेच. त्यांच्यातलाच एक पोरगा मोठ्या मोठ्या बॅकना चकवत पळतोय, यात त्यांना काय वाटत असेल ते मला इथे राहून थोडंफार समजतं.

आज या भागात पंजाबी, गुजराती, जमैकन, पोलिश सगळे आहेत. सामन्याच्या दिवशी रस्ताभर निळे-पांढरे पट्टे. माझा मुलगाही त्यातलाच. त्याला बॅसेट माहीत आहे, कारण मी जेवताना सांगत बसतो.

---

हातमाग

साल्टर म्हणजे काट्यांवाले साल्टर? आमच्या कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत साल्टरचा स्प्रिंगचा काटा होता! त्या कारखान्याच्या कामगारांनी फुटबॉल क्लब काढला हे वाचून फार बरं वाटलं. आमच्या सूतगिरणीचीही एके काळी व्हॉलीबॉलची टीम होती, गिरणी बंद पडली आणि टीमही गेली. कारखान्यातून निघालेली गोष्ट कारखान्यापलीकडे टिकली याचं मोल मला जास्त वाटतं.

---

मृण्मयी_ब

मी आता शोधत शोधत १८९५ च्या अंतिम सामन्यापर्यंत पोचले आणि थक्क झाले. अल्बियन विरुद्ध व्हिला, क्रिस्टल पॅलेसवर. व्हिलाने पहिल्याच मिनिटात गोल केला, पुष्कळ लोक अजून आत शिरत होते, त्यांना तो दिसलाच नाही. तोच एकमेव गोल. तो चॅटचा की डेव्हीचा यावरही वाद. बिचारा बॅसेट!

आणि नंतर तर कप चोरीलाच गेला! व्हिलाने तो बर्मिंगहॅममध्ये शिलकॉक नावाच्या बूटविक्याच्या दुकानात शोभेला ठेवला होता. सप्टेंबरमध्ये रात्री चोरट्यांनी नेला. व्हिलाला २५ पौंड दंड झाला, कप कधीच मिळाला नाही. म्हणजे १८८८ आणि १८९२ मध्ये बॅसेटच्या संघाने जिंकलेला तो मूळ कप जगातून नाहीसा झाला. १९५८ मध्ये एका म्हाताऱ्याने कबुली दिली की तो वितळवून खोटी नाणी पाडली.

---

टंगळमंगळ

चोरीवरून आठवलं. १८९५ च्या व्हिला संघातला राइट आउट चार्ली अॅथरस्मिथ. धो धो पावसात एका प्रेक्षकाची छत्री मागून घेतली आणि ती डोक्यावर धरून खेळला, अशी गोष्ट सांगतात. कोकणातल्या संघांनी याचा विचार करावा.

---

रेषेपलीकडे

अॅथरस्मिथचं नाव निघालं ते बरं झालं, टंगळमंगळ. बॅसेटनंतर इंग्लंडची उजवी कड हळूहळू त्याच्याकडे गेली. १८९७ मध्ये व्हिलाने लीग आणि कप दोन्ही जिंकले तेव्हा तो संघात होता. दोघांची गावं शेजारी, क्लब हाडवैरी. त्या आठ-दहा मैलांच्या पट्ट्यात एकाच वेळी इंग्लंडचे दोन सर्वोत्तम राइट आउट होते, हे मला अजून अद्भुत वाटतं.

मूळ प्रश्नाबद्दल: १८९२ चा कप मी १८८८ पेक्षा वर ठेवतो. त्या हंगामात लीगमध्ये अल्बियन १४ संघांत १२ वा होता. व्हिला प्रचंड ताकदीचा. आणि अंतिम सामन्यात ३-० ने व्हिलाला हरवलं. ओव्हलवरचा तो शेवटचा अंतिम सामना. बॅसेट २३ वर्षांचा, ऐन भरात. १८८८ मध्ये तो उगवला, १८९२ मध्ये तळपला.

---

शंकासुर

मी पुन्हा माझ्या मुद्द्याकडे. मैदानवेडा यांनी मेरेडिथचं नाव काढलं आहे, तर तुलना पुरती होऊ द्या.

मेरेडिथ वेल्समधल्या चर्कचा, लहानपणी खाणीत कामाला. १८९४ मध्ये मँचेस्टर सिटीत. तोही राइट आउट, तोंडात दातकोरणी धरून खेळणारा. १९०४ च्या कप अंतिम सामन्यात बोल्टनविरुद्ध एकमेव गोल त्याचा. मग १९०५ मध्ये व्हिलाच्या अॅलेक लीकला १० पौंडांची लाच देऊ केल्याचा आरोप, बंदी. त्यातून सिटी क्लब खेळाडूंना मर्यादेबाहेर पैसे देत होता हे उघडकीस आलं. मर्यादा म्हणजे १९०१ मध्ये घातलेली आठवड्याला ४ पौंडांची. सिटीच्या १७ खेळाडूंवर बंदी आली. मेरेडिथ मँचेस्टर युनायटेडला गेला, तिथे दोनदा लीग, एकदा कप. आणि १९०७ मध्ये मँचेस्टरच्या इम्पीरियल हॉटेलात खेळाडूंची संघटना उभी राहिली, तिच्या केंद्रस्थानी तो होता. १९०९ मध्ये असोसिएशनने संघटना सोडा नाहीतर खेळू देणार नाही असं बजावलं, तेव्हा युनायटेडचे खेळाडू अडून बसले.

१९०९ मध्ये बॅसेट कुठे होता? अध्यक्षाच्या खुर्चीत. टेबलाच्या दुसऱ्या बाजूला. ४ पौंडांची मर्यादा आणि नाव राखून ठेवायची पद्धत, दोन्हींचा फायदा ज्यांना होत होता त्या बाजूला. स्वतः पगारी खेळाडू होता म्हणून मला हे जास्त खटकतं. कारकीर्द भरीव असेल, पण मी मेरेडिथला मत देणार.

---

पेठकरी

खरं हाय. पण एक सांगा, खेळाडूतनं उठून कुणी मंडळावर जातच नव्हतं तेव्हा. मालक लोक गावातले कारखानदार, दारूवाले, वकील. त्यात एक गडी ज्यानं स्वतः बॅकच्या लाथा खाल्ल्यात तो जाऊन बसतो, ही पण एक लढाईच की.

---

मैदानवेडा

शंकासुर, हा या धाग्यातला सगळ्यात कळीचा आक्षेप आहे, म्हणून नीट उत्तर देतो.

बॅसेट चळवळ्या नव्हता. मेरेडिथने जी लढाई केली तिचं ऋण आजच्या प्रत्येक खेळाडूवर आहे आणि त्यात मी एक अक्षर कमी करणार नाही. पण अध्यक्ष म्हणून बॅसेटने काय केलं तेही बघा. १९०८ मध्ये हातात आलेला क्लब दुसऱ्या विभागात होता. १९११ मध्ये वर आला. १९१२ मध्ये कपच्या अंतिम फेरीत. पहिल्या महायुद्धानंतरच्या पहिल्याच हंगामात लीग जिंकली, ४२ सामन्यांत १०४ गोल करून. क्लबच्या इतिहासातलं लीगचं ते एकमेव विजेतेपद आहे. १९२७ मध्ये पुन्हा खाली घसरले, तरी तो खुर्ची सोडून पळाला नाही. १९३१ मध्ये दुसऱ्या विभागातून बढती आणि त्याच वर्षी वेम्ब्लीवर बर्मिंगहॅमला २-१ हरवून कप, दोन्ही गोल डब्ल्यू. जी. रिचर्डसनचे. बढती आणि कप एकाच हंगामात ही कामगिरी दुसऱ्या कुठल्याही क्लबला जमलेली नाही.

फ्रेड एव्हरिस यांचंही नाव घ्यायला हवं. १९०२ ते १९४८ क्लबचे सचिव, संघाचा कारभार त्यांच्याकडे. बॅसेट आणि एव्हरिस या जोडीने जवळपास तीस वर्षं क्लब उभा ठेवला. गाठीशी फार पैसा नसताना, बड्या क्लबांशी बोली लावण्याऐवजी पोरं हेरून घडवणं ही त्यांची रीत. ज्याला स्वतःला १७ व्या वर्षी किरकोळ अंगकाठीचा म्हणून कुणी नाकारू शकलं असतं, त्याने पोरं निवडायला बसणं मला महत्त्वाचं वाटतं.

---

आबा_१९५२

थोडं आपल्याकडचं. ड्युरँड स्पर्धा सिमल्याला १८८८ मध्ये सुरू झाली, बॅसेटच्या पहिल्या कपाच्या वर्षी. मुंबईची रोव्हर्स कप स्पर्धा १८९१ ची, पहिली विजेती वूस्टरशायर रेजिमेंट. दोन्हीकडे सुरुवातीची अनेक वर्षं गोऱ्या पलटणीच खेळल्या. इंग्लंडातल्या कारखान्यांच्या गावांतून भरती झालेले हे जवान, गावाकडचा खेळ घेऊन बोटीवर चढलेले.

लहानपणी वडिलांबरोबर कूपरेजवर रोव्हर्सचे सामने बघितले. तोपर्यंत पलटणी गेल्या होत्या, पण कडेने पळणारा राइट आउट दिसला की वडील उठून उभे राहायचे. रोव्हर्स कप पहिल्यांदा भारतीय संघाने जिंकला १९३७ मध्ये, बंगळूर मुस्लिम्सने. बॅसेट गेला त्याच वर्षी. योगायोगच, पण नोंदवून ठेवतो.

---

हातमाग

सगळे प्रतिसाद वाचले. मला शंकासुर आणि मैदानवेडा दोघांचंही पटतंय आणि त्यात विरोध दिसत नाही. मेरेडिथने खेळाडूचा हक्क मागितला, बॅसेटने खेळाडूही कारभार करू शकतो हे करून दाखवलं. क्लबांना दोन्ही नको होतं.

बॅसेटच्या शेवटाबद्दल कुणी लिहिलं नाही. स्मेथविककर, तिकडे काही ऐकायला मिळतं का?

---

स्मेथविककर

मिळतं, हातमाग. जुन्या घराण्यांत अजून सांगतात.

१९३७ मध्ये अल्बियन कपच्या उपांत्य फेरीत पोचला होता. सामना १० एप्रिलला, लंडनमध्ये आर्सेनलच्या हायबरी मैदानावर. समोर पुन्हा प्रेस्टन! बॅसेट ८ एप्रिलला गेला, ६८ वर्षांचा होता. खेळाडू तशाच मनाने दोन दिवसांनी मैदानात उतरले आणि ४-१ हरले. अंत्ययात्रेला वेस्ट ब्रॉमविचचे रस्ते माणसांनी भरून गेले होते. त्यातल्या पन्नाशीच्या पुढच्या लोकांनी त्याला स्टोनी लेनवर पळताना पाहिलं असणार, आणि पोरांना तो फक्त अध्यक्ष म्हणून माहीत.

शंकासुर, तुमच्या आक्षेपावर मीही विचार करतोय. त्याने खेळाडूंच्या बाजूने अजून बोलायला हवं होतं असं मलाही वाटतं. पण साखळ्या बनवणाऱ्या या गावात आपल्यातला एक जण क्लबचा अध्यक्ष आहे याची लोकांना जी शान होती, ती इथल्या म्हाताऱ्यांच्या बोलण्यात मी स्वतः ऐकली आहे.

---

शंकासुर

स्मेथविककर, मत मेरेडिथलाच. पण बॅसेटवर मराठीत इतकं लिहून आलं हे फार चांगलं झालं, आणि पेठकरींचा 'ही पण एक लढाईच' हा मुद्दा माझ्या मनात राहिला आहे.

मैदानवेडा, आता १९०९ वर स्वतंत्र धागा काढा. युनायटेडचे खेळाडू अडून बसले तेव्हा त्यांनी स्वतःला 'आउटकास्ट्स' नाव घेतलं होतं, त्यावर लिहिण्यासारखं पुष्कळ आहे.

---

मैदानवेडा

काढतो. त्यात नोंदणी पद्धतीचा भाग तुम्ही लिहा, तुमचा अभ्यास जास्त आहे. आणि पेठकरी, कोल्हापूरच्या त्या विंगरबद्दलही लिहा, नाव न घेता. तो आता काय करतो?

---

पेठकरी

पोरांना शिकवतोय. सकाळी सहाला ग्राउंडवर असतो. लिव्हतो सवडीनं.